चाकांवरची भुरी

मेहकरच्या बसस्टँडसमोर चहाचा ग्लास हातात घेऊन उभी असताना डिंपलला गजेंद्रभाऊंची जीप दिसली, आणि जीपच्या चाकात स्वतःचं तोंड दिसलं नाही. एवढंच झालं. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नसतं. जीप रस्त्यापलीकडे खताच्या दुकानासमोर उभी होती, रिकामी, मालक आत कुठेतरी. तिची चारही अ‍ॅल्युमिनियमची चाकं वैशाखात डिंपलनं स्वतः घासून, मेण लावून दिली होती, आणि अशी दिली होती की त्यांतल्या एकात पाहून तिनं दातात अडकलेली मेथी काढली होती. आता भाद्रपद लागला होता. ग्लास तसाच धरून ती रस्ता ओलांडून गेली आणि पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. चाकावर पांढुरका थर धरला होता, दोडक्याच्या पानावर भुरी पडते तसा. तिनं बोट फिरवलं. बोटाला पीठ लागल्यासारखं लागलं आणि खालचा धातू खरखरीत लागला. भुरी बोल्टच्या पाच भोकांपासून निघून बाहेर पसरत गेली होती. चाकाचा दर्शनी, फुगीर भाग अजून बराच स्वच्छ होता. हे तिच्या डोळ्यांनी पाहिलं. डोळ्यांनी पाहिलेलं सगळं डोकं त्याच वेळी टिपून घेतं असं नाही. किंवा घेतं, आणि कुठेतरी पालथं घालून ठेवतं. "काय मॅडम, हवा पाहून राह्यल्या का चाकातली?" चहावाला पलीकडून ओरडला. "हाव, हवाच पाहून राह्यली," ती म्हणाली, आणि उठल्यावर तिच्या लक्षात आलं की अर्धा चहा ओढणीवर सांडलाय.

हवाच तर होती सगळ्याच्या मुळाशी. लोकांना वाटतं अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही. खरं तर रोजच्या वापरातला इतक्या घाईनं गंजणारा दुसरा धातू शोधून सापडायचा नाही. नुकता घासलेला, कोरा अ‍ॅल्युमिनियम हवेत आला की हवा त्याला तिथल्या तिथं धरते. पापणी लवायच्या आत त्याच्यावर ऑक्साइडची कातडी चढते, मिलीमीटरचे काही दशलक्षांश भाग एवढी जाड. ती कातडीच मग आतल्या धातूला सांभाळते, आणि ती इतकी पातळ असते की उजेड तिच्यातून आरपार जाऊन परत येतो. म्हणजे चाकात आपण तोंड पाहतो ते गंजातूनच पाहतो. ही गोष्ट डिंपलला पहिल्यांदा कळली तेव्हा ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि त्या दिवशी ती घरी जेवली नव्हती; आईला वाटलं होतं पोरीला ताप आहे. घोटाळा सुरू होतो तो ती कातडी फाटली की. ती आम्लानंही फाटते आणि अल्कलीनं, म्हणजे खारानंही. जळगाव जामोदच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर दोन वर्षं शिकवताना तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'उभयधर्मी' असं लिहिलं होतं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "म्हंजे आमच्या सरपंचासारखं," असं म्हणालं होतं. ती हसली होती. साठ पोरं हसली होती. ती नोकरी सोडून तिनं मेहकरला डोणगाव नाक्यावर पत्र्याची शेड घेतली, कापडी चाकांचं घासायचं मशीन बसवलं, तेव्हा मात्र कुणी हसलं नव्हतं. वडील, भगवंतराव, डोणगावच्या मळ्यात वाफ्यांना पाणी सोडत होते. त्यांनी फावडं न थांबवता विचारलं होतं, "लोकायच्या गाड्याचे चाकं घासशील? एम.एस्सी. होऊन?" ती हो म्हणाली होती. त्यावर फावडं थांबलं होतं, आणि पाणी एकाच वाफ्यात भरभरून वाहत राहिलं होतं.

शेडकडे चालत जाताना फोन वाजला. जुन्या जीपा बाळगणाऱ्या पंधरा-सोळा जणांचा एक ग्रुप होता, मेहकर-लोणार-चिखलीकडचे सगळे, आणि डिंपलचं जे काही काम चालायचं ते या पंधरा-सोळा जणांवरच चालायचं. जिल्ह्यात आणखी कुणाला आपल्या गाडीत तोंड पाहायची हौस नव्हती. गजेंद्रभाऊंनी चाकाचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'हे पाहा बाप्पा. चार महिन्यात ही गत.' त्याखाली भराभर येत गेलं. 'लॅकर माराले पाह्यजे होतं.' 'मेणानं काय होते बे, चाक हाये का देवाची मूर्ती?' 'मॅडमले कॉलेजातच राहू द्या.' आणि एकानं, ज्याचं इंजिनवरचं झाकण या घडीला शेडमध्ये पडलेलं होतं, दसऱ्यासाठी, त्यानं लिहिलं, 'माहं झाकण घासू नका सध्या. मी येऊन राह्यलो घ्याले.' डिंपल रस्त्याच्या कडेला थांबली. एक झाकण गेलं की त्याच्या मागं दुसऱ्याच्या पायऱ्या जाणार, तिसऱ्याचा बंपर जाणार. दसऱ्यापर्यंत शेडमध्ये मशीन आणि ती एवढंच उरलं असतं, आणि मग जून महिन्यात कुठल्यातरी कॉलेजात पुन्हा तासिका. तिनं टाइप केलं, 'आज दुपारी सुलतानपूरला येते. पाणी तपासते.' पाठवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तपासायच्या आधीच तिनं पाण्याला गुन्हेगार ठरवून टाकलंय. पण गजेंद्रभाऊंचं सुलतानपूर खाऱ्या सरोवराच्या लोणारच्या वाटेवर. तिकडच्या पाण्याचं नाव काढलं की माणसाच्या मनात आपोआप खारट काहीतरी येतंच. कुणी उलट विचारलं नसतं. पिशवीत लिटमससारख्या कागदांची डबी होती, रंगावरून एक ते चौदा आकडा सांगणारी. त्या डबीवर हात ठेवून ती चालत राहिली. हातात कागद असला की माणसाला आपण खरं बोलतोय असं वाटतं.

शेडमध्ये आई नळापाशी बसली होती. रुख्मिणीबाई फाल्गुनापासून रोज डोणगावहून एसटीनं येत, मळ्यातलं सकाळचं काम आटोपून. पोरगी एकटी मशीनवर असते हे त्यांच्या जिवाला खात होतं. येऊन नुसतं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून घासून झालेले भाग धुवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. पॉलिशच्या वडीतलं मेणकट काळं तेल भागांवर राहतं, ते निघाल्याशिवाय मेणाचा हात देता येत नाही. आत्ता त्यांच्यापुढे घमेल्यात तेच इंजिनवरचं झाकण होतं आणि शेजारी कागदाची पुडी उघडी पडलेली.

"आई, काय घातलं पाण्यात?"

"काय म्हंजे? पापडखार. मागच्या सालचा उरला होता. तेल पाय कसं सुटते!"

डिंपलला आपला आवाज लांबून ऐकू आला. "कवापासून घालते?"

"आली तवापासून. तुह्या त्या बाटलीतल्या साबनानं काही होत नाही बाई, निस्ता फेस."

"गजूभाऊचे चाकं?"

"तेही म्याच धुतले. तू जेवाले गेली होती. काऊन, बिघडलं का कुठी?"

डिंपलनं डबीतला कागद काढून घमेल्यात बुडवला. तो हिरवा झाला, गर्द झाला, आणि निळा होऊन अकराच्या आकड्यावर थांबला. आईनं कागदाकडे पाहिलं, मग पोरीच्या तोंडाकडे. "चाकं पांढरी पडली, आई. यानंच. खार धातूले खाते. भोकात राह्यला असन, निंगला नसन, मंग दमट हवा लागली का पुन्हा खायाले लागला." रुख्मिणीबाईंनी हात पाण्यातून बाहेर काढले आणि पदराला न पुसता तसेच गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाल्या, "मले काऊन नाही सांगतलं?"

साठ पोरांना फळ्यावर लिहून सांगितलं होतं. रोज समोर बसून तेच काम करणाऱ्या एका बाईला सांगायचं राहून गेलं होतं, कारण धुणं हे सांगायची गोष्ट आहे असं डिंपलला वाटलंच नव्हतं. आई धुते. आईनं समईपासून डब्याच्या झाकणापर्यंत आयुष्यभर सगळं लख्ख ठेवलंय, तिला काय सांगायचं? पापडखार हा तर आईच्या हातातला हुकमी पत्ता. त्यानं पापड फुलतात, त्यानं कळकट कपडे निघतात. घमेल्यातलं झाकण डिंपलनं उचलून साध्या पाण्याखाली धरलं आणि पाणी निथळेपर्यंत ती वैशाखातल्या त्या संध्याकाळी जाऊन पोचली, जिथं तिला अजिबात जायचं नव्हतं. चार चाकं पोत्यावर ओळीनं ठेवलेली. बाहेर ऊन कलंडलेलं, पत्रा अजून तापलेला. ती मेणाची डबी उघडून पहिल्या चाकावर वाकली होती आणि तिला वाटलं होतं, आरशावर कुणी श्वास सोडावा तसं हे किंचित मंद आहे. एवढंसं. तिनं चाक दाराकडे वळवून पाहिलं होतं. पानाची भुरी पाहायची तर पान उलटं करून उजेडाकडे धरायचं, हे तिला वडिलांनी मळ्यात शिकवलेलं. कॉलेजनं नंतर त्याला निरीक्षण हे नाव दिलं. मंदपणा दिसला होता. मग तिनं स्वतःला सांगितलं होतं की उजेड कमी झालाय, डोळे दमलेत, सकाळी गजूभाऊ यायचेत. आणि मेण लावलं होतं. मेणाखाली सगळं सुंदर चमकलं होतं, कारण मेण काही विचारत नाही. खाली जे असेल त्याला झाकून घेतं. म्हणजे चूक आईची होतीच, पण तिच्यावर झाकण डिंपलनं लावलं होतं, डोळे उघडे ठेवून. सकाळी बसस्टँडसमोर भोकांपासून पसरलेली भुरी पाहताक्षणी तिच्यातल्या कुणालातरी हे सगळं कळलेलं होतं. चहा काही उगीच सांडला नव्हता.

"मी येते तुह्यासंग," आई म्हणाली. डिंपल नको म्हणाली. आई तोवर चपला घालून स्कूटीपाशी उभी होती, हातात ते घमेलं, साबणाची बाटली, फडकी, घासायच्या पाणीपेपरचे तुकडे. सुलतानपूरच्या रस्त्यानं स्कूटी निघाली. दोन्हीकडे सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, वाऱ्यानं आईचं घमेलं पाठीत टोचत होतं, आणि डिंपल मनातल्या मनात दोन वेगवेगळी भाषणं तयार करत होती. एकात पाणी होतं. ते भाषण चांगलं होतं. त्यात क्षार होते, खडकाचा प्रकार होता, आणि ऐकणाऱ्याला मध्ये बोलता येणार नाही इतके शब्द होते. त्यानं आई वाचत होती, शेड वाचत होती. दुसऱ्या भाषणात फक्त तीन वाक्यं होती आणि तीनही खरी होती. जगात चूक कबूल करणाऱ्याला लोक मोठा म्हणतात, असं पुस्तकांत असतं. डिंपलनं पाहिलेल्या जगात चूक कबूल करणाऱ्या बाईला लोक म्हणतात, पाहा, आम्ही सांगतच होतो.

गजेंद्रभाऊ अंगणात जीपला टेकून उभे होते. चाळिशीचा माणूस, पांढरा शर्ट, सोयाबीनचं मोठं शेत, आणि जीपवर पोटच्या पोरासारखी माया. शेजारी खुर्चीत शेषराव पेंटर बसले होते, सुलतानपूर-लोणारकडच्या निम्म्या गाड्यांना रंग आणि लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारलेले. "या मॅडम. काकू, तुमीही? बसा." भाऊंचा आवाज फोटोखाली लिहिलं होतं तितका कडू नव्हता. समोर आलेल्या बाईमाणसाशी तो होतही नाही. त्यांनी स्वतः बोअरचा नळ सोडून पेला भरून आणला. डिंपलनं कागद बुडवला. सगळे त्या कागदाकडे पाहू लागले.

"काय म्हनते तुमचा कागद?"

"आठ."

"म्हंजे खारं?"

"थोडंसं."

"घ्या!" भाऊ शेषरावांकडे वळले. "म्या काय म्हनलं होतं? आमच्या पाण्यानं चहा फुटते, तं चाकाचं काय घेऊन बसले! मॅडम, तुमचा काही कसूर नाही. मी ग्रुपवर टाकून देतो, पाण्यानं झालं म्हून. शेषराव चारही चाकाले लॅकर मारून देईन. विषय कट."

दार असं सताड उघडं होतं. ते तिनं उघडलंही नव्हतं. समोरच्यानं, चांगल्या मनानं, स्वतः उघडून धरलं होतं. एक शब्द न बोलता नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. झाकणवाला झाकण न्यायला आला नसता. आणि आठ हा आकडा खराच होता. डिंपलला त्या आकड्याचा राग आला. खरा आकडा खोट्याच्या कामाला इतक्या सहज लागतो, आणि कागद बिचारा गप्प राहतो. तो फक्त रंग दाखवतो, बोलायचं माणसाला असतं. तिला वाटलं, आज मान हलवली तर यापुढे जो कागद बुडवीन तो आधी माझ्याकडे पाहील. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली होती, जी तिला रस्त्यात सुचली नव्हती. ही माणसं तिला माफ करायला निघाली होती. पोरगी आहे, शिकलेली आहे, जाऊ द्या. पाण्याचं नाव हे त्या माफीचं नाव होतं.

"नाही भाऊ," ती म्हणाली. "पाण्यानं नाही झालं."

"अहो आठ म्हनता ना तुमीच?"

"आठानं ही गत होत नाही. पाण्यानं झालं असतं तं ठिपके सगळीकडं पडले असते, खाली जास्त. हे पाहा, भुरी भोकातून निघाली हाये. भोकात आमच्या शेडातला खार राह्यला होता. आन् मले त्या दिवशी चाक मंद दिसलं होतं. दिसलं तरी म्या वरून मेण लावून देलं."

शेषराव खुर्चीत पुढे सरकले. "कोनं धुतले होते?"

डिंपलनं तोंड उघडलं, पण मागून आईचा आवाज आधी आला. "म्या. पापडखारानं. आन् तुह्या मायनंही त्यानंच धुतले असते, शेषराव."

भाऊंना हसू फुटलं आणि त्यांनी ते मिशीत दाबलं. शेषराव म्हणाले, "चाला, कबूल झाल्या. मंग आता तं लॅकर."

"लॅकर नाही."

"आता कायचा नाही? चूक तुमची ना?"

"चूक धुण्याची हाये, मेणाची नाही. लॅकर उन्हानं पिवळं पडते. त्याले एक खडा लागला का दमट हवा खालून शिरते, आन् आतल्या आत फिरते, पानात नागअळी फिरते तशी. मंग चाक घासूनही निघत नाही, आधी लॅकर खरडून काढा लागते."

"पंधरा वर्सं मारून राह्यलो बाई, मले नाही दिसली कुठी नागअळी."

"मारल्यावर दोन वर्सांनं ते गाडी तुमी पाहाले जाता का पन?"

या वेळी भाऊ उघड हसले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी डिंपलकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं, माल घेताना पाहतात तसं. "बरं, तुमचं मेण तं जन्मभर राह्यते?"

"नाही. दर दोन महिन्यानं लावा लागते. साध्या पाण्यानं धुवा लागते, धुतलं का लगेच कोरडं करा लागते. ते काम तुमच्याकडं."

"म्हंजे चूक तुमची आन् काम माहं?"

"हाव."

हे तिनं इतकं सरळ म्हटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. कबुली देऊन झाल्यावर माणूस खाली मान घालतो असं सगळ्यांनी, तिनंसुद्धा, धरून ठेवलेलं होतं. आणि आता तिला दिसत होतं की मान खाली घालायला काही कारणच उरलेलं नाही. जे लपवायचं होतं ते अंगणात सगळ्यांसमोर पडलं होतं. उरलं ते काम, आणि कामाबद्दल तिला या अंगणातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. ती म्हणाली, "भाऊ, मी सांगते म्हून मानू नका. शेषराव सांगतात म्हूनही मानू नका. चारही चाकं मी इथंच, तुमच्यापुढं घासून देते. एका बाजूच्या दोन चाकाले शेषरावांनी लॅकर मारावं. दुसऱ्या बाजूचे दोन मी मेणावर ठेवते. वर्सभर चालवा. दर महिन्याले दोन्ही बाजूचे फोटो ग्रुपवर टाका."

"माह्या जीपले दोन तऱ्हेचे चाकं? लोक काय म्हनतीन?"

"काय म्हनतीन? पाहतीन."

भाऊ जीपभोवती एक चक्कर मारून आले. बॉनेटवर हात ठेवला, काढला. "झाकण न्याले येऊन राह्यला तो," ते म्हणाले, "त्याले काय सांगू?"

"जे झालं ते सांगा. न्यायचं असन तं नेऊ द्या. मी कोनाले धरून ठेवणार नाही."

"माननारे नाहीत समदेच."

"नको मानू देत."

शेषराव उठले. आता तेही या गोष्टीत शिरले होते. पंधरा वर्षांच्या कामाला कुणीतरी समोरासमोर उभं केलं होतं, आणि बरोबरीची माणसंच अशी समोरासमोर उभी करतात हे त्यांना पुरतं कळत होतं. "चाल," ते म्हणाले. "बाजू तू घे आधी. तू लहान हाये."

डिंपलनं जीपकडे पाहिलं. उजवी चाकं डांबरावर राहतात. समोरून ट्रक आला की डावी चाकं रस्ता सोडून खाली उतरतात, कडेच्या चिखलात, खडीत, शेतांतून वाहून आलेल्या खताच्या पाण्यात. वर्षभरात डाव्या चाकांनी दुप्पट सोसलेलं असतं. आणि फाट्यावर, टपरीवर, बसस्टँडसमोर गाडीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला जाणाऱ्या गाडीची डावीच बाजू जवळून दिसते. आई घमेलं खाली ठेवून तिच्याकडे पाहत होती.

"डावी," ती म्हणाली.

शेषरावांनी मान वर केली. "डावी चिखलात जाते, पोरी."

"मले मालूम हाये," डिंपल म्हणाली, आणि ओढणी कमरेला खोचली. "जॅक द्या."